तात्यांची गच्ची

भाडं किती मिळणार यावर आमच्या कॉलनीत शेवटपर्यंत एकमत झालं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या आठ हजार, इस्त्रीवाल्याकडची बातमी पंचवीस हजारांची होती, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आकडा पन्नासच्या पुढे गेला होता. बाकी सगळ्यावर मात्र एकमत. तात्यांच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर होऊ द्यायचा नाही.

सांगलीत विश्रामबागच्या मागच्या अंगाला आमची कॉलनी आहे. प्लॉट पडले तेव्हा सगळी बैठी घरं होती, पुढं तुळस, मागं शेवगा. मग मुलं मोठी झाली तसे एकेका घरावर मजले चढले, कुणी बिल्डरला जागा देऊन फ्लॅट घेतले. तात्यांचं घर तीन मजली, आमच्या गल्लीत सगळ्यांत उंच. वरच्या मजल्यांवरच्या खोल्या ते वालचंद कॉलेजच्या मुलांना भाड्यानं देतात. तात्या सूतगिरणीत जॉबर, म्हणजे यंत्रांवरच्या कामगारांचे मुकादम होते. गिरणीचं पुढं जे व्हायचं ते झालं आणि तात्या वेळेआधीच घरी बसले.

एका रविवारी सकाळी त्यांच्या दारात छोटा हत्ती येऊन उभा राहिला. लोखंडी अँगल, जाड पाइप, केबलची भेंडोळी. चार पोरं दोर लावून सामान वर ओढत होती. बघणाऱ्यांना वाटलं, पाण्याची टाकी बदलतायत. संध्याकाळी खोलीवर राहणाऱ्या एका मुलानंच खुलासा केला, "टाकी नाही काकू, फाइव्ह-जी येतंय." सांगताना बिचारा फार खूश होता.

आधी लोकांना वाटलं की तात्यांना कुणीतरी गंडवलं. तसे मेसेज आपल्या सगळ्यांनाच येतात. गच्चीवर टॉवर बसवा, एवढे लाख आगाऊ, घरातल्या एकाला नोकरी, फक्त आधी अमुक इतकी प्रोसेसिंग फी भरा. टॉवर बसवायला आम्ही कसलंही ना हरकत प्रमाणपत्र देत नाही असं दूरसंचाराची नियामक संस्था ट्राय वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगतंय, तरी लोक फसतात. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस कॉलनी तात्यांसाठी हळहळली. फसला म्हातारा. मग कळलं की टॉवर खरा आहे, करार झालाय, कंपनीचा माणूस येऊन गच्ची मोजून गेलाय. हळहळ जागच्या जागी संपली आणि राग सुरू झाला. हा क्रम माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. तात्या बुडत होते तोवर ते आमचे होते.

निवेदन लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. गल्लीतल्या निम्म्या मुलांनी प्रकाशाचं परावर्तन माझ्याकडून शिकलंय, त्यामुळे लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून वीजबिलाच्या तक्रारीपर्यंत सगळं लिहायला लोक येतात. "बाई, तुम्हीच लिहा. विज्ञानाचं तुमच्याकडून आलं म्हणजे वजन पडतं." बरोबर एक तयार मसुदाही आला, कुठल्या तरी दुसऱ्या शहरातल्या सोसायटीचा, व्हॉट्सॲपवरून हात बदलत आलेला. त्यात मेंदूचा कॅन्सर होता, गर्भपात होते, वंध्यत्व, विसराळूपणा, चिमण्या, मधमाश्या, आणि शेवटी टॉवर आभाळातली वीज खेचून घेतो असंही होतं. आमच्या कॉलनीचं नाव घालायला जागा रिकामी सोडली होती.

मी म्हटलं, निवेदन लिहिते, पण कॅन्सरचं वाक्य घालणार नाही.

यावरून जे झालं ते सांगण्याआधी मला काय माहीत होतं ते सांगते. मोबाइलच्या लहरी अणूमधला इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या ताकदीच्या नसतात. एक्स-रे किंवा गॅमा किरणांच्या पंगतीत त्या बसत नाहीत. त्यांचा शरीरावरचा जो परिणाम पक्का माहीत आहे तो उष्णतेचा, आणि मर्यादा ठरवतात त्या त्यावरून. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून या मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणल्या. म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ ब' गटात टाकलं, म्हणजे कदाचित कर्करोगकारक, हेही खरं. पण ते ठरवताना प्रामुख्यानं कानाला लावलेल्या फोनचा अभ्यास समोर होता, लांबच्या टॉवरचा नव्हता. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. हे मी बैठकीत सांगितलं. मागून एक आजोबा म्हणाले, "म्हणजे आता लोणचंबी सोडायचं का?" हशा पिकला आणि माझा मुद्दा त्यातच गेला.

आणखी एक गोष्ट आहे, ती फळ्यावर आकृती काढल्याशिवाय कुणाला पटत नाही. टॉवरवरच्या त्या पांढऱ्या उभट पेट्या, म्हणजे अँटेना, लहरी खाली ओतत नाहीत. त्या समोर फेकतात, उभ्या दिशेनं अगदी चिंचोळ्या पट्ट्यात, किंचित खाली झुकवून. तो पट्टा जमिनीला टेकतो तो शंभर-दोनशे मीटर पुढं. दिव्याखाली अंधार असतो तसं इथं घडतं. टॉवर ज्याच्या डोक्यावर आहे त्या तात्यांच्या घरात लहरी सगळ्यांत कमी. समोरच्या रांगेत थोड्या जास्त, तरी मर्यादेच्या बऱ्याच खाली. आणि सिग्नल क्षीण असला की आपल्याच खिशातला फोन टॉवर गाठायला जास्त जोर लावतो. डोक्याशी धरलेला फोन आणि समोरच्या गच्चीवरची पेटी यांत शरीराला जास्त मिळतं ते बहुतेक वेळा फोनकडून.

हे सगळं बरोबर आहे, आणि दत्तमंदिराच्या हॉलमध्ये ते अजिबात उपयोगी पडलं नाही.

बैठकीला गर्दी चांगली होती. एरवी वर्गणीच्या बैठकीला सात माणसं येत नाहीत. माजी नगरसेवक पहिल्या रांगेत. महापालिकेत तेव्हा प्रशासक होते, त्यामुळे सगळेच नगरसेवक माजी, आणि माजी माणूस कुठल्याही बैठकीला वेळेवर येतो. त्यांचं म्हणणं होतं की आधी जाहीर निषेधाचा फ्लेक्स, मग मोर्चा, मग आयुक्त. एकजण म्हणाला, फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक गच्चीकडं बघून परत गेलं. ते त्याला लेखी द्यायचं नव्हतं, कारण कागदावर आलं तर भाव आणखी पडेल. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा एक मुलगा धीर करून उठला. म्हणाला, "माझी मीटिंग मधेच तुटते. मला तर टॉवर पाहिजे." त्याच्या आईनं त्याचा शर्ट धरून खाली बसवलं.

मग समोरच्या इमारतीतली सून बोलली. दुसऱ्या मजल्यावर राहते, कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ. तिच्या झोपायच्या खोलीची खिडकी आणि तात्यांची गच्ची जवळजवळ समोरासमोर येतात. ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगताय ते खरं असेल. मला त्यातलं कळत नाही. पण मला आठ दिवस आधी कुणी सांगितलं असतं तर मी पाळणा आतल्या खोलीत हलवला असता की. ते पण माझ्या हातात ठेवलं नाही."

पाळणा हलवून भौतिकशास्त्राच्या हिशेबानं काही फरक पडला नसता. मी ते बोलले नाही. तिनं जे सांगितलं त्याला ते उत्तरच नव्हतं.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की हे भांडण लहरींचं नाहीच. कॉलनीतल्या प्रत्येक माणसाच्या बोलण्याच्या मुळाशी एकच तक्रार होती, आम्हाला विचारलं कुणी? रोज डोळ्यांसमोर येणारी, रात्री भिंतीपलीकडून घरघरणारी वस्तू, आणि ती येणार हे आम्हाला इस्त्रीवाल्याकडून कळतं. आता ही तक्रार घेऊन कुठल्या खिडकीवर जायचं? 'आम्हाला विचारलं नाही' असा रकाना कुठल्याच अर्जात नाही. साहेब विचारतो, बरं, पण नुकसान काय? तेव्हा माणूस हाताला येईल ते सगळ्यांत जड शब्द उचलतो. कॅन्सर म्हटलं की निदान समोरचा मान वर करून बघतो. आमच्याकडं तर मिरज शेजारी. दवाखान्यांचं गाव. दर घरातून कुणी ना कुणी कधीतरी तिथल्या बाकांवर रिपोर्टची वाट बघत बसलेलं आहे. तो शब्द इथं हवेतून येत नाही, घरातूनच येतो.

रकाना नाही हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. दूरसंचाराच्या मार्गाधिकाराचे, म्हणजे केबल आणि टॉवर कुठं, कसे घालायचे याचे नियम २०१६ साली झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. खाजगी जागेवर टॉवर उभारायचा तर स्थानिक संस्थेची परवानगी लागत नाही. मालकाशी करार, महापालिकेला लेखी सूचना, आणि इमारत भार पेलेल असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, एवढ्यावर भागतं. पुढं २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, त्यांचाही रोख काम अडू नये असाच आहे. मला यामागचं कारण समजतं. प्रत्येक नगरपालिका आणि प्रत्येक गल्ली अडवत बसली तर देशात जाळं उभं राहणार नाही. पण या सगळ्या वाटेवर शेजारी नावाचा माणूस कुठंच भेटत नाही. लग्नाचा मांडव रस्त्यात घालायचा तर आपण शेजारच्याला सांगतो, बोअर मारायचा तर सांगतो, आणि इथं कायदाच म्हणतो की मालकानं सही केली, विषय संपला.

माजी नगरसेवकांनी ठरावाचा आग्रह धरला तेव्हा काकूंचा वकील भाचा म्हणाला, "ठराव करून काय होतंय? चिखलहोळचं बघा." चिखलहोळ आमच्याच जिल्ह्यातलं, खानापूर तालुक्यातलं. तिथल्या ग्रामपंचायतीनं टॉवरचं काम थांबवायचा ठराव केला होता. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०२२ च्या अखेरीस न्यायालयानं तो ठराव रद्द केला. टॉवरच्या लहरी माणसांना घातक आहेत असं दाखवणारं शास्त्रीय काही समोर आलेलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. लगेच दुसऱ्या एकानं मोबाइलवर ग्वाल्हेरचं कात्रण काढलं. तिथं एका घरकाम करणाऱ्या माणसानं शेजारच्या गच्चीवरच्या टॉवरमुळं कॅन्सर झाल्याची तक्रार केली होती, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो टॉवर बंद करायला लावला होता. झालं. अर्धा हॉल चिखलहोळचा, अर्धा ग्वाल्हेरचा. भाचा समजावत राहिला की एका टॉवरबद्दलचा तो आदेश म्हणजे शास्त्राचा निकाल नव्हे. पण तोवर चहा आला होता.

मी एक सुचवलं. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल २०१७ पासून चालू आहे. चार हजार रुपये भरले की अधिकारी येऊन तुमच्या जागेवर लहरी मोजून देतात. टॉवर चालू झाला की वर्गणी काढून मोजून घेऊ. हॉलमध्ये एकदम शांतता. पैशांमुळे असेल असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. गणपतीला याच लोकांनी डॉल्बीला त्याच्या कितीतरी पट घातले होते. शेवटी खजिनदार हळूच म्हणाले, "बाई, मोजून घेतलं आणि कमी निघालं तर?"

मला ते उत्तर फार प्रामाणिक वाटलं. हातातलं एकच हत्यार कोण तपासायला देईल?

पुराचा विषय निघणारच होता. सांगलीत कुठलीही चर्चा पुरेशी लांबली की ती २०१९ ला येऊन पोचते. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी पंचेचाळीस. विश्रामबाग उंचावर म्हणून आम्ही कोरडे, आणि आमच्या हॉलमध्ये तीन बिऱ्हाडं. माझा धाकटा भाऊ नदीकाठच्या गावभागात अडकला होता, माळ्यावर, आईच्या जुन्या ट्रंकेजवळ. पहिल्या दिवशी त्याचा फोन लागत होता. पाणी कितव्या पायरीला आलं ते तो सांगत होता आणि मी इकडं कागदावर लिहून ठेवत होते, का कोण जाणे. मग फोन लागेना. वीज तोडलेली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरलेल्या, आणि जनरेटरला डिझेल घेऊन त्या पाण्यातून जाणार कोण. तेव्हा आपल्याला जाणवलं नव्हतं की टॉवर म्हणजे शेवटी एक डिझेलवर चालणारी वस्तू आहे. इकडं शंभर फुटी रोडला लोक फोन डोक्यावर धरून नेटवर्कची एक-एक काडी शोधत फिरत होते. कुणाच्याही तोंडी तेव्हा रेडिएशन नव्हतं.

बैठकीत हे कुणीतरी काढलंच. "पुरात नेटवर्कसाठी रडलात, आता टॉवर नको?" ती सून पटकन म्हणाली, "पुरात बोटपण पाहिजे असते, म्हणून कुणी माझ्या दारात बांधून ठेवत नाही." सभा जिंकली ती तिनं.

तिचं खरं आहे आणि ते पुरतं खरं नाही. बोट लांब ठेवून चालते, टॉवर जवळच लागतो. माणसं जितकी जास्त आणि व्हिडिओ जितके जास्त, तितके टॉवर दाट. फाइव्ह-जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भिंतीतून नीट शिरत नाहीत, लांबवर पोचत नाहीत. गावाबाहेर एक उंच मनोरा उभारून सगळ्या गावाला पुरवायचे दिवस रेडिओबरोबर गेले. तसा आमच्याकडं मनोरा होताच. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ चं, १२५१ किलोहर्ट्झ. आमच्या घरी त्या घोषणेवर सकाळचा चहा उतरायचा. त्या लहरी आमच्या सगळ्यांच्या अंगातून वर्षानुवर्षं आरपार जात होत्या आणि त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. मी हे बैठकीत बोलले नाही, कारण उत्तर मलाच माहीत होतं. मध्यम लहरींची गोष्ट वेगळी, मनोरा कुणाच्या खिडकीसमोर नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्याचं भाडं शेजारच्याला मिळत नव्हतं.

भाड्याचं दुखणं कुणी उघड बोलत नाही, पण ते असतं. त्रास वाटून घ्यायचा सगळ्यांनी आणि पैसे एकाच्या खात्यात. मलाही ते खुपत होतंच. म्हणून निवेदन लिहायच्या आधी तात्यांकडं गेले. गल्लीतलं त्यांच्याकडं तेव्हा कुणी जात नव्हतं. वहिनींनी दार उघडलं आणि चहा टाकते म्हणत लगेच आत गेल्या.

तात्या कॉटवर बसून होते, मांडीवर पेपर. मी विचारलं, "तात्या, आधी सांगायचं तरी होतं की."

"सांगितलं असतं तर हो म्हणला असता का कोण?"

"नसते म्हणाले."

"मग?" थोडा वेळ थांबून म्हणाले, "बाई, मला पेन्शन किती येती माहीत हाय का तुम्हाला?"

मला साधारण अंदाज होता. कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान रक्कम महिना हजार रुपये आहे, २०१४ मध्ये ठरलेली. तात्यांना त्याहून थोडे जास्त मिळतात, दोन हजारांच्या आत. पोरगा पुण्यात, त्याचेच हप्ते त्याला जड. खोल्यांवर मुलं असतात ती जून ते एप्रिल, तीही आता अटॅच्ड बाथरूम आणि वायफाय मागतात. गच्ची दोन पावसाळे गळतेय. वॉटरप्रूफिंगचा आकडा ऐकून तात्यांनी तो विषयच सोडून दिला होता, मग कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, गच्चीचं आम्ही करून देतो. भाडं किती, ते त्यांनी मला सांगितलं. इथं लिहीत नाही. किराणा दुकानातल्या आकड्याच्या जवळपासही ते नाही.

निवेदन मी माझ्या पद्धतीनं लिहिलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या दाखल्याची प्रत मागितली, कारण वरचे मजले मागाहून चढवलेले आहेत हे सगळ्यांना दिसतं आणि बॅटऱ्यांच्या कपाटांचं वजन काही थोडं नसतं. जनरेटर काकूंच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या बोळात ठेवला होता, त्याचा धूर सरळ त्यांच्या एक्झॉस्टमधून आत येत होता. रहिवासी भागात रात्री पंचेचाळीस डेसिबलच्या वर आवाज चालत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते स्पष्ट आहे, तेही घातलं. आणि पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की परिसरातल्या रहिवाशांना काम सुरू होण्याआधी कोणतीही माहिती देण्यात आली नाही. त्यावर वकील भाचा म्हणाला, याला कायद्यात आधार नाही. मी म्हटलं, असू दे, राहू दे.

लोकांनी सह्या केल्या, पण नाराजीनं. काहींनी त्या दुसऱ्या मसुद्यावरही केल्या. महापालिकेत दोन्ही निवेदनं एकाच दिवशी गेली, दोन्हींवर पोचेचा शिक्का बसला. आवक विभागातल्या मुलीनं विचारलं, "एकाच टॉवरचं का हे?"

काम काही दिवस थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. महापालिकेचं उत्तर आलं ते चार ओळींचं. जागा खाजगी, सूचना प्राप्त, दाखला दप्तरी आहे. दाखल्याची प्रत काही जोडली नव्हती. जनरेटर मात्र हलला. ठेकेदाराचा सुपरवायझर स्वतः येऊन काकूंच्या स्वयंपाकघरात उभा राहिला, खोकला, आणि आठवड्यात जनरेटर मागच्या भिंतीकडं गेला, त्यावर आवाज दाबणारी पेटीही बसली. त्याला कुठलाच नियम दाखवावा लागला नाही. काकूंनी त्याला चहा दिला होता. मोर्चा निघाला नाही. फ्लेक्स लागला, त्यावर माजी नगरसेवकांचा फोटो रहिवाशांच्या मागणीपेक्षा मोठा होता, आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात तो फाटला.

टॉवर चालू झाला. घरून काम करणाऱ्या त्या मुलाची मीटिंग आता तुटत नाही. त्या सुनेनं खिडकीला जाड पडदा लावलाय आणि पाळणा आतल्या खोलीत हलवलाय. हळदीकुंकवाला वहिनींकडं यंदा माणसं कमी गेली. मी गेले, काकू गेल्या. चार हजारांची मोजणी अजून कुणी केलेली नाही. मी एकटीनं भरायचं मनात आणलं होतं, पण मग तो निकाल माझा एकटीचा झाला असता आणि कुणी वाचलाही नसता.

मध्यंतरी तात्या करारनामा घेऊन माझ्याकडं आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला, सगळा इंग्रजीत, प्रत्येक पानावर त्यांची थरथरती सही. "बाई, जरा वाचून सांगा की. सही करताना त्यो म्हणला, सगळीकडं हेच असतंय." मी चष्मा लावून वाचत बसले. मुदत वीस वर्षं. कंपनीला नको असेल तर ठरावीक मुदतीची नोटीस देऊन ती कधीही निघून जाऊ शकते. तात्यांना नको असेल तर काय, ते शोधत मी पुन्हा पहिल्या पानापासून आले. भाडं थकलं तर कराराबाहेर पडायची एक वाट आहे, तीही अटींची. बाकी वीस वर्षं गच्चीवर मजला चढवायचा असला, पत्रे घालायचे असले, तरी कंपनीला विचारून.

"म्हंजे मला काढता येत नाही?"

"नाही तात्या. तुम्हाला नाही."

त्यांनी विचारलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून देणार होते ते कुठं लिहिलंय. मी पुन्हा शोधलं. ते कुठंच नव्हतं. त्यांची गच्ची अजून गळते, आता पाइपांच्या पायापाशीही. दाखल्याच्या प्रतीसाठी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे, त्याची मुदत अजून संपायची आहे. आणि वकील भाचा सुट्टीला आला की करारावर एक नजर टाकतो म्हणालाय. तात्यांच्या घरी जायला तो आधी तयार नव्हता, काकूंनी त्याला दटावलं, मग हो म्हणाला.